मार्च आला की विचारले जाणारे टॅक्सचे प्रश्न (मुंबईतल्या नोकरदारांसाठी आणि छोट्या धंदेवाल्यांसाठी)

सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ ची कमाई, जिचं रिटर्न २०२६ मध्ये भरायचं. व्हॉट्सॲपवर जुन्या बजेटचे तक्ते अजून फिरतायत, ते बघून गोंधळू नका.

माझं पॅकेज साडेबारा लाख आहे, मला टॅक्स लागेल का?

नव्या रीजिममध्ये (दर कमी पण बहुतेक वजावटी नसलेली टॅक्सची पद्धत, वजावटी मिळतात ती जुनी) नाही. नोकरदाराला ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन आपोआप मिळतं आणि त्यानंतरचं उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० पर्यंतचा रिबेट (टॅक्समधली माफी) मिळून टॅक्स शून्य होतो, म्हणून सगळे पावणेतेरा लाख पावणेतेरा लाख म्हणतायत. धंदेवाल्याला स्टँडर्ड डिडक्शन नाही, त्याची मर्यादा सरळ १२ लाख.

थोडं वर गेलं तरी घाबरू नका. उत्पन्न १२ लाख १० हजार झालं तर स्लॅबप्रमाणे ६१,५०० टॅक्स येतो पण मार्जिनल रिलीफमुळे वरच्या दहा हजारांपेक्षा जास्त घेत नाहीत, म्हणजे १०,००० आणि त्यावर ४ टक्के सेस (उपकर), १०,४०० झाले. आणि हो, शेअर्सच्या नफ्यावर जो वेगळ्या दराने टॅक्स लागतो त्याला हा रिबेट नाहीये. पगार दहा लाख आहे म्हणून निश्चिंत बसलेल्या मुलांना शेअर्सच्या शॉर्ट टर्म (वर्षाच्या आत विकलेल्या) नफ्यावर २० टक्क्यांनी टॅक्स भरावा लागतो आणि मग ते पोर्टल बिघडलंय म्हणून फोन करतात.

मग ८०सीसाठी पॉलिसी घेऊ की नको? एजंट काका रोज फोन करतायत.

नव्या रीजिममध्ये असाल तर टॅक्ससाठी घेऊ नका, एक रुपयाही वाचणार नाही. ८०सी (गुंतवणुकीची दीड लाखांपर्यंतची वजावट), ८०डी (मेडिक्लेमच्या हप्त्याची), स्वतः राहत्या घराच्या लोनचं व्याज, एचआरए (घरभाडे भत्त्यावरची सूट), हे सगळं जुन्या रीजिमचं आहे. काकांना वाईट वाटेल, वाटू दे.

जुन्या रीजिममध्ये असाल तरी आधी बघा की पॉलिसी न घेताच ८०सीचा दीड लाखाचा कोटा भरलाय का. पगारातून कापला जाणारा पीएफ, दोन मुलांची ट्यूशन फी (फक्त ट्यूशन फी, बसची नि स्नेहसंमेलनाची नाही), होम लोनचं मुद्दल, आणि घर घेतलं त्या वर्षी स्टँप ड्युटी नि रजिस्ट्रेशनसुद्धा ८०सीमध्येच येतं. मुंबईत घर घेतलं की स्टँप ड्युटीच इतकी होते की दीड लाखाचा कोटा त्यातच संपून उरतो. शंभर रुपये वीस वर्षं अडकवून तीस रुपये वाचवायचे आणि ते शंभर चार-पाच टक्क्यांनी वाढवायचे, हा सौदा मला तरी कधीच पटला नाही. संरक्षण हवं असेल तर टर्म प्लॅन घ्या, मेडिक्लेम तर घ्याच, पण ते टॅक्ससाठी नाही, हॉस्पिटलच्या बिलासाठी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेलाय.

जुनी की नवी, हे ठरवायचं कसं?

हिशोब मांडूनच, अंदाजाने नाही. एक उदाहरण घेऊ. ग्रॉस पगार १५ लाख, त्यात बेसिक साडेसात लाख, एचआरए पावणेचार लाख, आणि दहिसरला ३५,००० भाड्याने राहतो.

नवी: १५ लाखातून ७५,००० गेले, राहिले १४,२५,०००. पहिल्या ४ लाखांवर शून्य, ४ ते ८ वर ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४०,०००, उरलेल्या सव्वादोन लाखांवर १५ टक्के म्हणजे ३३,७५०. एकूण ९३,७५०, सेस धरून ९७,५००.

जुनी: स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, प्रोफेशनल टॅक्स २,५००. एचआरएत तीन आकडे काढायचे आणि सगळ्यात लहान घ्यायचा: मिळालेला एचआरए ३,७५,०००, वर्षाचं भाडं ४,२०,००० वजा बेसिकच्या १० टक्के, म्हणजे ३,४५,०००, मुंबईत बेसिकच्या ५० टक्के, ३,७५,०००. म्हणजे सूट ३,४५,०००. ८०सीचे दीड लाख, स्वतःच्या मेडिक्लेमचे २५,०००, एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजना) जादा ५०,०००. सगळं वजा करून उरतात ८,७७,५००. टॅक्स सेससकट ९१,५२०.

म्हणजे सगळे कोटे काठोकाठ भरून, सव्वादोन लाख हप्त्यांत नि गुंतवणुकीत घालून, भाड्याच्या पावत्या जमवून फायदा झाला ५,९८० रुपयांचा. एवढ्यासाठी करायचं का ते तुम्ही ठरवा. पण त्याच माणसाचे आईवडील साठीच्या पुढचे असतील आणि त्यांच्या मेडिक्लेमचा हप्ताही तोच भरत असेल, तर ८०डीखाली आणखी ५०,००० पर्यंत मिळतात आणि जुनीचं पारडं बऱ्यापैकी जड होतं. मोटा-मोटी लक्षात ठेवायचं तर १५ लाखांना स्टँडर्ड डिडक्शन सोडून साधारण ५ लाख ४४ हजारांच्या वर वजावट होत असेल तरच जुनी. नुसतं होम लोन आणि ८०सी असेल तर तिथवर पोचत नाही.

ऑफिसात एप्रिलमध्ये नवी सांगितली, आता बदलता येईल का?

येईल. ऑफिसला सांगितलेलं फक्त टीडीएससाठी (पैसे देतानाच कापून घेतात तो टॅक्स) असतं, रिटर्न भरताना तुम्ही जुनी घेऊ शकता, जास्त कापलेलं रिफंडमध्ये येतं. फक्त रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे, उशिरा भरलं की जुनी मिळत नाही. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांना मात्र दरवर्षी असं इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत, त्यांनी फॉर्म १०-आयईए भरून जुनी घेतली आणि मग परत नवीत आले की ते दार बंद, धंदा चालू असेपर्यंत जुनी पुन्हा नाही.

नोकरी बीकेसीत, भाड्याचं घर डोंबिवलीत. एचआरए ५० टक्के की ४०?

४०. ऑफिस कुठे आहे ते बघत नाहीत, भाड्याचं घर कुठे आहे ते बघतात. या वर्षासाठी ५० टक्क्यांत मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई एवढीच शहरं आहेत. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, वसई-विरार ही लोकल एकच असली तरी इथे मुंबई धरत नाहीत. मुलुंडला राहिलात तर ५०, टोलनाक्यापलीकडे ठाण्यात गेलात तर ४०. तसं खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना फरक पडत नाही, कारण भाडं वजा १० टक्के हाच आकडा लहान निघतो.

भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. मालक पॅन देत नसेल तर घर घेण्याआधीच विचारा, डिपॉझिट दिल्यावर नाही. आणि भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर त्यातून २ टक्के टीडीएस कापून भरणं ही भाडेकरूची जबाबदारी आहे, हे पवई-अंधेरीकडच्या कितीतरी लोकांना माहीतच नसतं.

घर आईच्या नावावर आहे, तिला भाडं दिलं तर चालतं का?

चालतं, पण खरंच द्या. साधं ॲग्रीमेंट करा, दर महिन्याला बँकेतून ट्रान्सफर करा, आणि आईने ते भाडं तिच्या रिटर्नमध्ये दाखवलं पाहिजे. तिला भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे दुसरं फार उत्पन्न नसेल तर तिला बहुधा काहीच भरावं लागत नाही. फेब्रुवारीत एकदम बारा पावत्यांवर सह्या घेऊन ऑफिसात द्यायच्या आणि बँकेत एकही एंट्री नाही, असं करू नका. बायकोला भाडं देऊन एकाच घरात राहणं हा प्रकार शक्यतो टाळाच.

पगारदाराला नव्या रीजिममध्ये मग काहीच वाचवता येत नाही का?

एक चांगली गोष्ट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. कंपनी तुमच्या एनपीएसमध्ये बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत टाकू शकते आणि ते नव्या रीजिममध्येही वजा होतं. साडेसात लाख बेसिकवर १,०५,००० झाले. वरच्या उदाहरणात हे बसवलं तर १५ टक्क्यांनी १५,७५० आणि सेस, म्हणजे १६,३८० वाचले, जुन्या रीजिमच्या सगळ्या खटाटोपापेक्षा जवळजवळ तिप्पट. हे तुम्ही स्वतः भरून होत नाही, पगाराच्या रचनेतच पाहिजे, तेव्हा मार्चमध्ये नाही तर एप्रिलमध्ये एचआरला मेल टाका. पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात हे लक्षात ठेवून.

बायकोच्या नावावर एफडी केली तर व्याज तिचं ना?

नाही, पैसे तुम्ही दिलेत तर व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात, याला क्लबिंग म्हणतात. अज्ञान मुलांचंही तेच. पण आईवडिलांना किंवा सज्ञान मुलाला पैसे दिले तर क्लबिंग नाही आणि नातेवाईकांमधल्या गिफ्टवर टॅक्सही नाही. तुम्ही ३० टक्क्यांत असाल आणि बाबांचं उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर त्यांच्या नावच्या एफडीचं व्याज बिनटॅक्स जातं. पण मग ते पैसे खरोखर बाबांचे झाले, उद्या वारसाहक्काने भावाबहिणींचाही त्यात वाटा येतो. टॅक्स वाचला आणि घरात भांडण लागलं असं नको.

२०२५-२६ साठी बँकेत टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठांनी १५एच फॉर्म द्यायचा, बाकीच्यांनी १५जी, आणि तो वर्षाच्या सुरुवातीला. टीडीएसची मर्यादा आता ज्येष्ठांना वर्षाला एक लाख व्याज, इतरांना ५०,०००. टीडीएस कापला नाही म्हणजे व्याज दाखवायचं नाही असं समजू नका, एआयएसमध्ये (पोर्टलवरचं तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं पत्रक) सगळं दिसतं.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, बिल्डर दर महिन्याला भाडं देतो. त्यावर टॅक्स?

गिरगावपासून बोरिवलीपर्यंत सध्या हाच प्रश्न. बिल्डर जे ट्रान्झिट रेंट देतो ती घर सोडावं लागल्याची भरपाई आहे, उत्पन्न नाही, आणि त्यावर टीडीएस कापायचा नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलंय. कापला असेल तर रिटर्न भरून मागून घ्या. कॉर्पस फंड (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) नि जादा एरियाचं गणित मात्र ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय त्यावर असतं, ते कागद सीएला दाखवल्याशिवाय कुणाच्या शेजाऱ्याचं ऐकून ठरवू नका.

म्युच्युअल फंड विकले नाहीत तरी काही करायचं असतं का?

इक्विटीवरचा वर्षभरापेक्षा जुना नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत माफ आहे, त्याच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. ही माफी पुढच्या वर्षाला जात नाही. म्हणून ३१ मार्चआधी सव्वा लाखापर्यंतचा नफा विकून काढायचा आणि परत तेच युनिट घ्यायचे, खरेदीची किंमत वर सरकते. तोटा असेल तर तो पुढे आठ वर्षं नेता येतो, पण रिटर्न वेळेत भरलं तरच.

आमचं दादरला पोळीभाजी केंद्र आहे. हिशोब वह्यांत आहे, धड नाही. काय करू?

४४एडी हे कलम (विक्रीवर ठरावीक टक्के नफा धरून टॅक्स भरायची सोय) तुमच्यासारख्यांसाठीच आहे. वर्षाची उलाढाल २ कोटींच्या आत असेल (रोखीत ५ टक्क्यांपेक्षा जास्त येत नसेल तर ३ कोटी) तर रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून-यूपीआयतून आलेल्यावर ६ टक्के नफा धरायचा, वह्या ठेवायची नि ऑडिटची कटकट नाही, फॉर्म आयटीआर-४. समजा ३० लाख विक्री, त्यातले २० लाख क्यूआरवर आणि १० लाख गल्ल्यात. १,२०,००० अधिक ८०,०००, नफा झाला २ लाख. टॅक्स शून्य.

आता खरी गोष्ट. पोळीभाजीत ६ टक्केच सुटतात असं कोण मानेल? हा कमीत कमी आकडा आहे, खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. आणि दाखवण्यात तुमचाच फायदा आहे, कारण नव्या रीजिममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स नाहीच, मग ९ लाख कमावून २ लाख दाखवून मिळवलं काय? उद्या मुलीच्या एज्युकेशन लोनला किंवा विरारच्या फ्लॅटला बँकेत गेलात की मॅनेजर तीन वर्षांची रिटर्नं मागतो आणि दोन लाखांवर तो तुम्हाला किती लोन देणार? वर्षानुवर्षं कमी दाखवून मग लोनच्या वेळी सीएला आता वाढवून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं दर महिन्याला येतात.

या स्कीममध्ये ॲडव्हान्स टॅक्स एकदाच, १५ मार्चपर्यंत सगळा. आणि एकदा आत येऊन पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत आत घेत नाहीत.

मी व्हिडिओ एडिटर आहे, गोरेगावच्या स्टुडिओत काम. सगळे १० टक्के टीडीएस कापून देतात.

फिल्म लाइनच्या कलाकारांना, म्हणजे एडिटर, कॅमेरामन, गायक, संवादलेखक, ड्रेस डिझायनर वगैरेंना ४४एडीए (४४एडीसारखंच, पण प्रोफेशनलसाठीचं कलम) लागू आहे, तसंच डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंटिरियरवाले. ५० लाखांपर्यंत (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख) निम्मे पैसे नफा धरायचे, निम्मे खर्च, बिलं जोडायची गरज नाही. १८ लाख बिलिंग असेल तर नफा ९ लाख, टॅक्स शून्य, आणि कापलेले १,८०,००० रिफंड. पण त्याआधी पोर्टलवर २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचं पत्रक) उघडून बघा की प्रॉडक्शन हाऊसने कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर खरंच भरलाय का. छोटे प्रोड्युसर कापतात आणि भरतच नाहीत, आणि मग पिक्चर डब्यात, ऑफिसला टाळं, तुम्ही मात्र फोन करत बसता. बिलाबरोबरच फॉर्म १६ए (टीडीएसचा दाखला) मागायची सवय ठेवा.

मी फ्लॅटची दलाली करतो, मलाही ६ टक्के चालेल का?

नाही. कमिशन-ब्रोकरेजला ४४एडी नाही, इन्शुरन्स एजंटांनाही नाही. तुम्हाला खर्च लिहूनच नफा काढावा लागेल. पेट्रोल, फोन, पोर्टलची जाहिरात, ऑफिसचं भाडं, सगळं धरा, पण कागद ठेवा.

खर्च दाखवताना कुठे अडकायला होतं?

सगळ्यात जास्त रोखीत. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर तो अख्खा खर्च नामंजूर. मशीद बंदरहून माल उचलताना २५,००० रोख मोजून दिले तर बिल असून उपयोग नाही, यूपीआय किंवा एनईएफटी करा. गिऱ्हाइकाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घ्यायचे नाहीत, घेतले तर तेवढाच दंड. कुणाकडून हातउसने २०,००० किंवा त्यावर रोख घेतले तरी तसंच.

दुसरं, उधारी. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु कारखानदाराचे किंवा सर्व्हिसवाल्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. मुदत उलटून ३१ मार्चला थकलेलं असेल तर तो खर्च या वर्षी मिळत नाही, ज्या वर्षी द्याल त्या वर्षी मिळेल. तुम्ही स्वतः धारावीत बॅगा शिवणारे असाल तर उलट बाजूने बघा, उद्यम नंबर फुकट मिळतो, तो घेऊन बिलावर छापा, मोठी पार्टी मार्चमध्ये स्वतःहून पैसे सोडते.

तिसरं, मार्चमधला लॅपटॉप. कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के आहे पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा. ६०,००० चा लॅपटॉप मार्चअखेर घेतला की या वर्षी फक्त १२,००० वजा. हवा असेल तर घ्या, टॅक्ससाठी धावत लॅमिंग्टन रोडला जाऊ नका.

बायकोला किंवा भावाला पगार देता येतो, ते खरंच काम करत असतील आणि रक्कम कामाला शोभेल अशी असेल तर.

प्रोफेशनल टॅक्स भरायलाच पाहिजे का? कुणीच विचारत नाही.

आज विचारत नाहीत, रजिस्ट्रेशन उशिरा केलं की मागच्या वर्षांचं एकदम विचारतात. वर्षाला २,५००, धंदेवाल्याला आणि प्रोफेशनलला पीटीईसी (स्वतःच्या प्रोफेशनल टॅक्सची नोंदणी). तुमच्याकडे माणसं पगारावर असतील तर त्यांचं कापून भरायला पीटीआरसी वेगळं. महिलांना महिना २५,००० पगारापर्यंत माफ आहे, तरी कापलं जातंय का ते स्लिपवर बघा.

यूपीआयमुळे नोटीस येते म्हणतात, क्यूआर कोड काढून टाकू का?

२०२५ च्या जुलैत बंगळुरूत छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हापासून ही भीती. पण नोटीस यूपीआयची नव्हती, उलाढालीची होती. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या वर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर गेलं की जीएसटी नंबर घ्यावाच लागतो, पैसे गल्ल्यात येवोत की मोबाइलवर. क्यूआर काढून इन्कम टॅक्सला ६ चे ८ टक्के होतील एवढंच. घरचे पैसे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, मेव्हण्याने परत केलेले पन्नास हजार विक्री नव्हती हे सांगत बसावं लागणार नाही.

ऑफिसातल्या एकाने एजंटकडून ८०,००० रिफंड काढला, मीपण देऊ का त्याला?

नका देऊ. हे एजंट खोटी राजकीय देणगी, खोटा एचआरए, नसलेलं होम लोन टाकून रिफंड काढतात आणि त्यातले काही टक्के घेतात. १४ जुलै २०२५ ला इन्कम टॅक्सवाल्यांनी याच धंद्यावर देशभर १५० ठिकाणी कारवाई केली. पकडलं की वाचवलेल्या टॅक्सच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड, वर व्याज, आणि नोटीस तुमच्या पॅनवर येते, एजंटच्या नाही. आधीच असं झालं असेल तर नोटीस यायच्या आत अपडेटेड रिटर्न भरून टाका, चार वर्षांपर्यंत भरता येतं, जितका उशीर तितका जादा टॅक्स, २५ पासून ७० टक्क्यांपर्यंत.

१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा, मग हे सगळं रद्द?

आयकर कायदा २०२५ आला म्हणून या वर्षाचं काही बदलत नाही, २०२५-२६ ची कमाई १९६१ च्याच कायद्याने मोजायची. नव्या कायद्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, ॲसेसमेंट इयरऐवजी टॅक्स इयर आहे. ८०सी म्हणायची सवय लोकांची काही सुटणार नाही.

रिटर्न भरलं, रिफंड का येत नाहीये?

बहुतेक वेळा दोनच कारणं. रिटर्न भरून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं नाही, किंवा बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट नाही. आधारचा ओटीपी टाकून पहिलं पाच मिनिटांत होतं. ३० दिवस उलटले तर व्हेरिफाय केलेली तारीख हीच भरल्याची तारीख धरतात, म्हणजे तोवर रिटर्नची मुदत संपली असेल तर लेट फी ५,००० (उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००) डोक्यावर आणि जुनी रीजिम निवडली असेल तर तीही हातची जाते.